न धरलेलं मौन

शुक्रवार, १ जुलै १९५५. आषाढी एकादशी.

आज संध्याकाळी भजन आमच्याकडे होतं. बालीगंजातल्या आणि भवानीपूरच्या मिळून बऱ्याच बायका आल्या. इथल्या बंगाली दुकानातला साबुदाणा भिजवला की त्याचा लगदा होतो, तरी खिचडी बरी झाली. भजनानंतर चातुर्मासाचे नेम सांगायचे होते. कोणी कांदा-लसूण सोडला, कोणी पान सोडलं. प्रेमलताबाई आमच्या भजनी मंडळाच्या पुढारी, बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांनी माझ्या धाकट्या जावेला, शारदाला विचारलं, तू काय धरणार? शारदा नुसती बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, हिनं मौन धरलंय आजपासून. आणि मी मेली विचारत बसलेय."

सगळ्या हसल्या आणि मग कौतुकानं तिच्याकडे बघू लागल्या. यंदा अधिक भाद्रपद, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. एवढं मौन म्हणजे सोपं नाही.

मला बरं वाटलं. फाल्गुनात तिचं बाळ जन्मल्या दिवशीच गेलं, तेव्हापासून ती कमीच बोलते. मी तिला किती वेळा म्हटलं, तू लहान आहेस, दुसरं होईल. आता देवाच्या निमित्तानं मन शांत होईल तिचं.

माझे दीर रघुनाथभाऊजी फोर्ट विल्यमहून, लष्कराच्या हिशेब कचेरीतून, उशिरा आले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, मला काही बोलली नाही. मी म्हटलं, मौन धरणारी बोलेल कशी? तेही हसले.

मंगळवार, १९ जुलै.

मौन कसं लागतं ते कळावं म्हणून आज सकाळी मी धरून पाहिलं. दहा वाजेपर्यंतही निभलं नाही. दूधवाल्यानं पाणी घातलं होतं, त्याला बोलावंच लागलं. पण एक लक्षात आलं. तोंड बंद केलं की हात बोलायला लागतात. भुवया बोलतात. मी मोलकरणीला भांडी, केर, कपडे सगळं हातांनी सांगितलं, आणि ती मला वेडी समजून हसत सुटली.

शारदाचे हात बोलत नाहीत. काही हवं असलं तरी ती खूण करत नाही. तिचं मौन माझ्यापेक्षा पुष्कळ वरच्या दर्जाचं असणार.

रविवार, २१ ऑगस्ट.

अधिक महिना लागला. दुपारी दोन बायका मुद्दाम शारदाचं दर्शन घ्यायला आल्या. एकीनं मुलीला आणलं होतं, परीक्षेला बसणार होती. शारदाचा हात उचलून त्यांनीच मुलीच्या डोक्यावर ठेवला. त्या जिना उतरून गेल्या, मी कपबशा विसळून परत आले, तरी शारदाचा हात तसाच हवेत होता. मी तो खाली घेतला. गार होता, या उकाड्यात.

ती वाळली आहे. घास तोंडात धरून बसते, गिळायचं विसरते. मी म्हटलं गीळ, की गिळते.

भाऊजी संध्याकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. गोव्याच्या सत्याग्रहाची बातमी वाचताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हिला ऐकू तर येतं ना?"

मी म्हटलं, येतं. पण मग मलाच विचार पडला, की हे मला कशावरून ठाऊक?

सोमवार, २४ ऑक्टोबर.

देवीच्या पूजेचे दिवस. गल्लीच्या तोंडाशी मांडव आहे, ढाक म्हणजे इथला मोठा ढोल, तो दिवसभर चालू. खालच्या मजल्यावरची सुचित्रा शाळेत शिकवते. ती आम्हा दोघींना देवी दाखवायला घेऊन गेली. ढाकवाला शारदाच्या अगदी कानाशी वाजवत होता. माझ्या छातीत धडधडत होतं, शारदाची पापणी हलली नाही.

सुचित्रा परतताना म्हणाली, दीदी, हे व्रत नाही. मला जरा राग आला. मी तिला चातुर्मास म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्याकडेही व्रतं करतात, पण व्रत करणारा माणूस व्रत संपायची वाट बघत असतो. तुमची जाऊ कशाची वाट बघते आहे?

मी शारदाचा हात धरून पुढं चालू लागले.

रात्री तिनं एक बंगाली मासिक आणून दिलं. बंगाली अक्षरं मी पुड्यांच्या कागदांवरून आणि ट्रामच्या पाट्यांवरून शिकले. हे गेले तेव्हा दिवस जाता जात नव्हते, त्या वर्षी. मराठी तरी मला कोणी कुठं शिकवली होती. मासिकात एका डॉक्टरचा लेख आहे, मनाच्या रोगांवर. हळूहळू वाचते आहे.

गुरुवार, २७ ऑक्टोबर.

लेख संपला. त्यात लिहिलं आहे की काही माणसं दुःखानं बोलणं सोडतात, मग खाणं सोडतात, कोणी हात जसा ठेवला तसा ठेवून बसतात. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. हात जसा ठेवला तसा, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

एक मात्र कळलं नाही. ताप अंगाला येतो, हात लावला की समजतो. मनाला रोग होतो तो कुठं होतो? मन नेमकं कुठं असतं, हेच अजून कोणी मला धड सांगितलेलं नाही.

भाऊजींना लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, कार्तिकी होऊ दे, व्रत सुटलं की बोलेल. मलाही तसंच वाटतं. म्हणजे वाटावं असं वाटतं.

शनिवार, २६ नोव्हेंबर.

आज उद्यापन झालं. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. प्रेमलताबाईंनी पितळेची घंटा आणि तीळ आणले. भटजी नाही मिळाले, त्यांनीच पोथीतून वाचलं. शारदाला पाटावर बसवलं, नवं लुगडं नेसवलं. देवाचं नाव घेऊन घंटा वाजवायची आणि मौन सोडायचं, एवढंच होतं. घंटा हातात दिली. सगळ्या थांबल्या.

शारदानं घंटा वाजवली नाही. हातात धरून बसली. भाऊजी दारात उभे होते, ते म्हणाले, "शारदा, नुसतं राम म्हण." मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

मग कोणीतरी म्हणालं की हिचं मौन देवानं ठेवून घेतलं, ही आता आपल्यातली राहिली नाही. एकीनं पायावर डोकं ठेवलं, मग दुसरीनं. पाटाखाली ओलं झालं होतं. "तीर्थ सांडलं वाटतं," असं म्हणून एका बाईनं तिथं बोटं लावली आणि डोळ्यांना लावली.

मी फडकं आणून पुसलं. ते तीर्थ नव्हतं. मान वर केली तर भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं.

रविवार, २७ नोव्हेंबर.

आज दिवसभर आमचं दोघांचं तेच. भाऊजी म्हणतात, गाणगापूरला नेतो, रजा मागतो. त्यांच्या आईच्या माहेरी कोणी असंच होतं, तिथं बरं झालं. मी म्हटलं, महाराजांना मीही रोज हात जोडते, पण कालपासून तिनं पाणी घेतलेलं नाही. चमच्यानं घातलं तर गळ्यावरून ओघळतं. दोन रात्री गाडीत काढून तिथं पोचेपर्यंत काय उरेल? आधी डॉक्टर. मग तुम्ही म्हणाल तिथं मीही येते.

ते म्हणाले, कचेरीत कळलं तर? मला संताप आला. मी म्हटलं, कळू दे, तुमच्या कचेरीला काय तिचं लग्न लावायचंय?

मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, त्या इस्पितळांतून माणसं परत येत नाहीत असं म्हणतात. ती परत आली नाही तर मी काय करू?"

कचेरीचं हे निमित्त होतं तर. मी त्यांना चहा करून दिला.

बुधवार, ३० नोव्हेंबर.

तीन दिवस शारदाला कापसानं थेंब थेंब पाणी पाजत राहिले. तोवर सुचित्रानं चौकशी केली होती. सियालदहजवळच्या मोठ्या इस्पितळात दर बुधवारी सकाळी मनाच्या आजारांसाठी वेगळी खोली असते. टॅक्सीनं गेलो. स्टेशनाबाहेर अजून निर्वासितांची बिऱ्हाडं आहेत, भाजीच्या हातगाड्यांतून वाट काढत जावं लागतं. माणसं उतरतात ती संपतच नाहीत. फाटकाशी शारदाचे पाय थांबले. आम्ही दोघांनी दंडाला धरून नेलं.

मला वाटलं होतं आत आरडाओरडा असेल. तसं काही नव्हतं. बाकावर माणसं बसली होती, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी. एक म्हातारे गृहस्थ हवेतच काही विणत असल्यासारखे हात करत होते, तेवढंच.

डॉक्टर सान्याल पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी आमच्या आधी शारदाला नमस्कार केला. मी तुमची नाडी बघणार आहे, मग डोळ्यांत दिवा धरणार आहे, असं सगळं तिला सांगून केलं. ती काही बोलत नाही हे दिसत होतं, तरी सांगत होते.

भाऊजींनी इंग्रजीत सांगितलं की एकादशीपासून हिनं मौनाचं व्रत घेतलं आहे. डॉक्टरांनी विचारलं, तिनं स्वतः सांगितलं होतं?

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, प्रेमलताबाईंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कोणी सांगितलं? मी तो दिवस आठवून पाहिला. प्रेमलताबाईंना वाटलं आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला वाटलं त्यांना ठाऊक आहे. भाऊजींना वाटलं बायकांत ठरलं असेल. तिनं कोणालाच काही सांगितलं नव्हतं. त्याच्या आधीही, वटपौर्णिमेला, ती सूत हातात घेऊन नुसती उभी होती. ते मला तिथं, त्या खुर्चीत आठवलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, आजच ठेवावं लागेल, नाकातून नळीनं दूध-पाणी घालू, आणि विजेचा उपचार करू. वीज म्हटल्यावर भाऊजी पांढरे पडले. मी विचारलं, विजेला कसं कळतं दुःख कुठं आहे ते? डॉक्टर हसले. "ते आम्हालाही नीटसं ठाऊक नाही. पण बरं वाटतं एवढं आम्ही बघितलं आहे."

मला त्यांचा भरवसा वाटला तो या उत्तरानं.

निघताना त्यांनी मला विचारलं, तुम्हाला झोप कशी लागते? मी सांगितलं, हे गेल्यापासून तीनला जाग येते, मग वाचत बसते. त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. आजारी शारदा, माझी झोप कशाला लिहिली कोण जाणे.

बुधवार, ७ डिसेंबर.

मी रोज जाते. ती यंत्राची पेटी मी मागून पाहिली. रेडिओपेक्षा लहान, लाकडाची, वर एक काटा. इतकी साधी. उपचार करताना मला आत येऊ दिलं नाही. दातांत रबर देतात, जीभ चावू नये म्हणून. नंतर ती खूप झोपते. आज उठल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. आजवर माझ्यातून पलीकडे बघायची, आज माझ्यापाशी थांबली.

भाऊजी कचेरीतून परस्पर येतात आणि पलंगाशी उभे राहतात. बसा म्हटलं तर बसत नाहीत.

शुक्रवार, १६ डिसेंबर.

बोलली. नर्सनं मला जिन्यातच गाठलं, म्हणाली, तुमची बाई सकाळपासून काहीतरी मागते आहे, आम्हाला तुमची भाषा समजत नाही. मी धावत गेले. शारदा उशीला टेकून बसली होती. आवाज घोगरा, लांबून आल्यासारखा. म्हणाली, "जाऊबाई, यांना सांगा, भाताचा अगदी चिखल करतात."

मी नर्सला बंगालीत सांगितलं. तिथं सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी हसत होते आणि पदरानं डोळेही पुसत होते.

मंगळवार, २० डिसेंबर.

शारदाला बंगाली येते ती बाजारापुरती. डॉक्टरांना मराठी येत नाही. म्हणून रोज अर्धा तास मी मध्ये बसते. ती बोलते, मी बंगालीत सांगते, डॉक्टर विचारतात, मी मराठीत विचारते. नवलाचं काम आहे. दुसऱ्याचं दुःख आपल्या तोंडातून काढायचं आणि त्यात आपलं काही मिसळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, गाळू नका, गोड करू नका.

आज त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही का सांगितलं नाहीत, की व्रत घेतलेलं नाही म्हणून?

शारदा बराच वेळ चादरीचा काठ दुमडत होती. मग म्हणाली, "शब्द वरपर्यंत येत नव्हते. आणि सगळ्या इतक्या खूष झाल्या. मौन आहे म्हटल्यावर कोणी मला म्हणेना, दुसरं होईल. त्याआधी सगळे रोज म्हणायचे."

मी ते सांगायला घेतलं. 'सगळे' याला बंगालीत काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे, तरी तिथं जरा अडकले. डॉक्टर थांबले. मग पूर्ण सांगितलं.

नंतर ती रडली. फाल्गुनापासून पहिल्यांदा. मुलगा होता, त्याचं नाव तिनं मनात विनायक ठेवलं होतं. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

भाऊजी आले तेव्हा मी त्यांना ते नाव सांगितलं. ते आज पलंगावर बसले.

बुधवार, ४ जानेवारी १९५६.

शारदा घरी आली. गोळ्या चालू आहेत, दर बुधवारी दाखवायचं आहे. मधल्या काही गोष्टी तिला आठवत नाहीत. पूजेचा ढाक आठवत नाही, उद्यापन अर्धवट आठवतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हाही होऊ शकतं, पण आता तुम्हाला ओळखता येईल, लगेच या. भाऊजींनी गाणगापूरला मनीऑर्डर पाठवली. मी म्हटलं, पाठवा, बरंच केलंत.

भाऊजींचं म्हणणं, लोकांना सांगायचं की ती माहेरी नागपूरला गेली होती. मी हो म्हटलं. शारदा काही बोलली नाही, आणि मला पुन्हा धास्ती वाटली. पण ती फक्त चपात्या लाटत होती.

गुरुवार, १९ जानेवारी.

संक्रांतीचं हळदीकुंकू आज आमच्याकडे झालं. शारदानंच हट्ट धरला. मी असल्या वेळी स्वयंपाकघरातच असते, तिळगुळाचे लाडू वळत. पण मधला पडदा पातळ आहे, सगळं ऐकू येतं.

बायका नागपूरची हवा, संत्री असं विचारत होत्या. मग एकीनं विचारलं, एवढं मोठं मौन केलंस, तुला काय काय अनुभव आले ते सांग ना आम्हाला.

शारदा म्हणाली, "मी मौन धरलं नव्हतं. मला आजार झाला होता. मनाचा. इस्पितळात होते मी, नागपूरला नव्हते. विजेचे उपचार झाले, आता गोळ्या घेते."

माझ्या हातातला लाडू फुटला. कोणी तरी म्हणालं, असं म्हणू नये बाई, देवाचं होतं ते. शारदा म्हणाली, "देवाचं असेल. पण तुम्ही बोटं लावलीत, ते तीर्थ नव्हतं एवढं मला आठवतं." एका बाईला खोकला आला. मग दुसरी एक हसली, आणि हळूहळू हळदीकुंकू पुढं सुरू झालं. दोघी मात्र वाण न घेताच गेल्या. त्या परत आमच्याकडे येतील असं वाटत नाही. भाऊजींना हे कसं सांगायचं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात पाणी प्यायच्या निमित्तानं प्रेमलताबाई आत आल्या.

पाणी त्यांनी घेतलं नाही. माझ्या समोर पाटावर बसल्या आणि तिळाचा एक दाणा बोटानं इकडून तिकडे करत म्हणाल्या, तो डॉक्टर कुठं बसतो म्हणालात? मी म्हटलं, मी काही म्हणालेच नव्हते. मग सांगितलं, सियालदहजवळ, बुधवारी सकाळी. त्या म्हणाल्या, नागपूरला माझ्या ओळखीची एक आहे, तिच्यासाठी विचारते. तिथं बायकांची रांग वेगळी असते का, नवऱ्याच्या नोकरीचं ठिकाण लिहून घेतात का, बाहेरून आत बसलेलं माणूस दिसतं का, असं पुष्कळ विचारलं. आणि विचारलं, माणूस वरून चांगलं दिसत असेल, भजन म्हणत असेल, चारचौघींत हसत असेल, तरी तो डॉक्टर त्याला खोटं पाडणार नाही ना? मी म्हटलं, तो कोणाला खोटं पाडत नाही. माझ्यासारखीची झोपसुद्धा लिहून घेतो.

शारदा वाणाचं तबक न्यायला दारात आली होती. तिनं किती ऐकलं ते मला कळलं नाही. ती आत येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी फाटकातून आत पाय टाकवत नाही. मला जायचंच आहे दर बुधवारी. मी येते बरोबर."

प्रेमलताबाईंनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "साडेआठला मी टॅक्सी घेऊन खाली येते. हॉर्न नाही वाजवणार."

नागपूरची बाई कोणत्या गाडीनं येणार, ते त्या बोलल्या नाहीत. शारदानं विचारलं नाही, आणि मीही लाडू वळत राहिले.